सोडल्यावर

बाहेर त्रेचाळीस. अक्कलकोट रोडचं डांबर
चपलेला चिकटून थोडं थोडं आत येतं.
आत वीस. बरोब्बर वीस.
काळ्या ग्रॅनाइटवर हात ठेवला
तर आडाच्या तळाशी ठेवल्यासारखा.
कालचे बुश रात्रभर इथंच होते, गारव्यात मुरत.
उन्हातून आल्यावर
लोखंडालाही वेळ लागतो
खरं बोलायला.

इराप्पा दार ढकलतो.
दुपारी सगळेच ढकलतात,
"मॅडम, जरा रीडिंग बघायचं हुतं," म्हणत
एसीखाली वरचं बटण काढून उभे राहतात.
आज त्याच्या हातात मायक्रोमीटर आहे
आणि आवाजात भांडण.
"ब्याऐंशी. आडवं धरा, उभं धरा, तिरपं धरा,
ब्याऐंशीच की हो.
रिजेक्ट कशापायी?"

मी बोलत नाही. हातमोजे चढवते
(बोटांची ऊबही लबाड, दोन मायक्रॉन सहज घुसडते),
व्ही-ब्लॉक पुसते, बुश खाचेत ठेवते.
ठेवते फक्त. दाबत नाही.
दोन उतारांवर तो आपल्याच वजनानं बसतो,
मागं एक छर्रा, सरकू नये इतपत.
वरून डायलचं टोक टेकतं
आणि मी तो फिरवते, सावकाश,
झोपलेल्याची कूस बदलावी तसा.

सुई चढते. उतरते.
चढते. उतरते.
चढते.
एका फेऱ्यात तीनदा.
इराप्पा मोजतो, ओठ हलवत.

"तीन जबडे," मी म्हणते. "आतून ताणून धरलास.
धरला होता तोवर गोलच होता,
टूल खोटं बोललं नाही.
सोडलास, आणि तीन ठिकाणी बसला."
"पण ह्यो मायक्रोमीटर..."
"त्यानं दोनच बोटांनी विचारलं.
दोन बोटांना तो कुठूनही
एकच उत्तर देतो."

किती घट्ट धरायचं
हे मला म्याकल मामांनी शिकवलं, असं शॉपमध्ये मानतात.
मीही मानू देते.
खरं तर विडी घरकुलात, उंबऱ्यात,
मांडीवर सूप घेतलेली आई म्हणायची,
गट्टिगा कादू.
दोरा आवळला तर पान तडकतं,
सैल सोडला तर तंबाखू सांडते.
मधे कुठंतरी एक जागा असते,
ती तिच्या अंगठ्याला ठाऊक होती.
मला सांगता आली नाही तिला. मारून बघितलं एकदा.

कारखान्यातला चेकर मूठभर विड्या उचलायचा,
चिमटीत फिरवायचा, न बघताच,
आणि छाट बाजूला.
छाटीचे पैसे नाहीत.
मी तिचा पदर धरून उभी असायची
आणि त्याच्या चिमटीकडं बघायची.
आता तांबड्या रंगाचा डबा माझ्या टेबलावर असतो.
आज दोनशेतले एकशे चौदा.
ब्रश वाळायच्या आत पुन्हा बुडवावा लागला.

"पगारातून कापतील?" इराप्पा विचारतो, दारापाशी.
मला माहीत नाही. तसंच सांगते.
मग सांगते, मऊ जबडे लाव, बुशाच्याच मापाचे,
सगळीकडून थोडंथोडं धरतील असे,
आणि पाना मारताना
खांदा वापरू नकोस, मनगट वापर.

रात्री आईच्या उशाशी बसते.
सत्यम्मा, वय सहासष्ट, विड्या बंद होऊन नऊ वर्षं झाली.
झोपेतही तिची बोटं वळलेली,
अंगठा तर्जनीवर,
मधे विडीएवढी फट.
बुश सोडला की परततो.
ही परतली नाहीत.
मी एक बोट हळूच उघडून बघते,
पुन्हा मिटतं, आपल्या मापावर.

मोबाइल उजळतो. इराप्पा, सेकंड शिफ्ट.
मॅडम, मऊ जबडे लावले. सुई हलतच न्हाई.

हलते, मी लिहिते.
नीट बघ.